आधीचं नाव

नवऱ्याला मी समोर ‘अहो’ म्हणते. लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे, एवढी मोकळीक मला असायला हरकत नाही. लखनौच्या एका संशोधन संस्थेत तो वनस्पतींचं वर्गीकरण करायचा. म्हणजे वाळलेल्या फांद्या कागदावर चिकटवायच्या आणि त्यांची खरी नावं ठरवायची. निवृत्त झाल्यावर फांद्या संपल्या, नावं ठरवायची खोड राहिली. त्यात मुलानं त्याच्या हाती गाण्यांचा कॉम्प्युटर दिला.

मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका दिवाळीला आला तेव्हा टीव्हीखालच्या खणात त्यानं एक छोटा कॉम्प्युटर बसवला आणि घरातल्या सगळ्या सीड्या, कॅसेटी त्यात उतरवल्या. आता फोनवर गायकाचं नाव दाबलं की आमच्या इंदिरानगरच्या घरात हव्या त्या खोलीत गाणं लागायचं. फक्त नावांचा सावळा गोंधळ होता. एकच बुवा चार जागी बसलेले, कुठे ‘पंडित’ लावून, कुठे न लावता, कुठे इंग्रजीत, कुठे नुसत्या आडनावानं. निशातगंजच्या एका दुकानातून भरून आणलेल्या एमपीथ्री सीड्यांवर तर दुकानदारानं गायकाच्या जागी स्वतःच्या दुकानाचं नाव घातलं होतं. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांत जास्त गाणी त्या दुकानानं गायलेली निघाली.

नवरा खूश. सकाळचा चहा झाला की चष्मा लावून बसायचा. जेवायला बोलावलं की म्हणायचा, “हे एक खाँसाहेब संपवतो आणि आलोच.” पोळ्या गार व्हायच्या. मी काही बोलत नव्हते, कारण तो घरात एका जागी बसलेला मला बरा वाटायचा.

त्या ढिगाऱ्यात मीही होते. दोन ठिकाणी.

लग्नाआधी मी सांगलीला गायचे. रेडिओची परीक्षा पास झाले होते. माझा कार्यक्रम लागला की भाऊ रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचा. आई गेल्यावर त्यानं त्या कॅसेटी मला कुरियरनं पाठवल्या. प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात माझं माहेरचं नाव.

मग लग्न झालं. आपल्याकडे आडनावाबरोबर मुलीचं नावही बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. माझं नाव नेमकं नणंदेचंही होतं. एका घरात एकाच नावाच्या दोघी नकोत म्हणून सासूबाईंनी माझ्यासाठी दुसरं शोधून ठेवलं होतं. मुलीला विचारायची तेव्हा पद्धत नव्हती म्हणतात. तांदूळ पसरायची मात्र होती.

लखनौला आल्यावर रेडिओवर पुन्हा गायचं तर माझे सगळे कागद जुन्या नावाचे. नाव बदलल्याचं शपथपत्र कचेरीतून करून आणायला हवं होतं. “पुढच्या महिन्यात बघू,” नवरा म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याचा तराईच्या जंगलातला दौरा निघाला. मग मुलगा झाला. मग सासूबाई राहायला आल्या, आणि सकाळच्या रियाजानं त्यांचं डोकं उठायचं. तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर गेला. आम्ही घरं बदलली, पण प्रत्येक घरात त्याची जागा माळ्यावरच.

हे मी उगाळत बसत नव्हते. पण भावाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढल्यापासून मला एक नाद लागला होता. दुपारी भाजी निवडताना मी फोनवर माझं आधीचं नाव दाबायचे आणि त्या मुलीला ऐकायचे. चांगली गायची. कुणाला वाटेल आत्मस्तुती आहे, तर वाटू दे. तिचा आवाज स्वच्छ होता आणि तिला कुणाची भीती नव्हती.

एके दिवशी मेट्रोच्या खोदाईची धूळ खात भाजी घेऊन घरी आले. शेंगा सोलायला बसले, फोन उघडला, तर ते नाव नाहीच. पुन्हा शोधलं. नाही.

“अहो, माझं नाव कुठे गेलं?”

“मर्ज केलं,” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “तू दोन-दोनदा येत होतीस. आता सगळं एका जागी. बघ, फोटोपण लावलाय.”

सासरच्या नावाखाली भावाच्या सगळ्या कॅसेटी बसल्या होत्या. वर हळदीकुंकवातला माझा फोटो, हातात वाण. मला इतका संताप आला की मी शेंगांची पिशवी त्याच्या कीबोर्डवर ठेवली आणि उठून आत गेले.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, बाबाने ठीक ही तो किया है. आर्टिस्ट एकच आहे ना? दो-दो एंट्री अजीब लगती है यार.”

“आईला यार म्हणू नकोस,” म्हणून मी फोन ठेवला.

त्या रात्री जेवताना मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी जाऊन बसले. संसारभर ह्या माणसाचं शास्त्र जेवणाच्या ताटावर ऐकलं होतं, त्याचा कधीतरी उपयोग व्हायला हवा होता.

“तुमच्याकडे एकाच झाडाला दोघांनी दोन नावं दिली असली, तर खरं कुठलं धरतात?”

“आधी छापलेलं. दुसरं त्याच्याखाली नोंदवायचं.”

“मग माझं आधीचं कुठलं?”

त्यानं चष्मा काढला. एक आहे, माणूस नियमाशी प्रामाणिक आहे. बायकोचं ऐकणार नाही, पण नियमाचं ऐकतो. म्हणाला, “बरोबर आहे तुझं. सगळं त्या नावाखाली घेतो.”

“नको. दोन्ही वेगळी ठेवा.”

“अगं, तसं कसं चालेल? प्रजाती एकच आहे.”

“कुणी सांगितलं?”

तो हसणार होता. पण माझ्याकडे बघितलं आणि हसला नाही.

मग एकेक गाणं वेगळं काढायचं काम सुरू झालं. गाण्याचा थोडा तुकडा लावायचा आणि मला विचारायचा, “हे?” मी म्हणायचे, “आधीचं.” “हे?” “आधीचं.” बहुतेक गाणी तो पहिल्यांदाच ऐकत होता. एका ठुमरीला मध्येच थांबून म्हणाला, “ही तू?” मी म्हटलं, “ती.” त्यानंतर त्यानं तुकडे तोडायचं सोडलं. एकेक गाणं पूर्ण वाजू दिलं. हे त्यानं सांगलीला, मला बघायला आला होता तेव्हा करायला हवं होतं.

संध्याकाळ होत आली तेव्हा माझं आधीचं नाव पुन्हा जागेवर आलं होतं, खाली भरगच्च गाणी. मग त्यानं दुसरं नाव उघडलं, अंगठीनं लिहिलेलं. तिथे मंडळाच्या गणपतीतली एक आरती होती, तीही पन्नास जणांच्या आवाजात. आणि मुलाच्या बारशातला पाळणा, अर्धाच, कारण मध्ये तो रडायला लागला होता.

नवरा बोटानं स्क्रीन वरखाली करत राहिला. खाली काही नव्हतं.

“एवढंच?”

मी मान डोलावली.

“अजून असतील गं. इथल्या कॅसेटी कुठेतरी असतील. माळ्यावर एखादं खोकं राहिलं असेल.”

त्यानं स्टूल आणलं, बॅटरी घेतली आणि ह्या वयात माळ्यावर चढला. मी खाली स्टूल धरून उभी राहिले. वर खोकं नव्हतं, असणारही नव्हतं. त्या सगळ्या वर्षांत घरात मीच होते, मला माहीत होतं. तरी मी त्याला खाली या म्हटलं नाही. तो उकिडवा बसून कोपरे धुंडाळत होता आणि माझ्या डोक्यावर धूळ पडत होती.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला.

“इथे नुसता तुझा तंबोरा आहे.”

“हो,” मी म्हणाले.