माळेचा दोरा आणि माझं पत्र

आमचा पेपरची पानं लावायचा कॉम्प्युटर तापून बंद पडत होता, त्यात वैशालीची काहीच चूक नव्हती. आज दुपारी कॅबिनेट उघडून तिनेच मला ते दाखवलं.

मंडळी, आमच्या वर्तमानपत्राची शहरातल्या हजीरा आणि दौलतगंज भागांतली कार्यालयं नुकतीच कंपू भागातल्या एकाच इमारतीत एकत्र आली. दोन तंत्रज्ञांपैकी आता एकच राहणार. या कॉम्प्युटरला पाण्याने थंड ठेवणारी यंत्रणा हजीऱ्याच्या वैशालीने बसवली होती. तापमान पंचाण्णववर जाऊ लागलं आणि मी, दौलतगंजचा तंत्रज्ञ, काहीही न तपासता संपादकांना लिहून मोकळा झालो: काम निष्काळजीपणाचं आहे.

आज तिने पंपावर बोट टेकवलं. "काका, पाणी बरोबर फिरतंय."

मग वरच्या जाळीखालून झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, अक्षता निघाल्या. माळेचा दोरा गुंतून ते पाणी गार करणारा पंखा थांबला होता. पाणी फिरत होतं, पण निवत नव्हतं.

"खंडेनवमीला माळ कोणी घातली?"

"मीच," मी म्हणालो.

"बघा, पंखा अजून पूजेतच बसलाय!" ती हसली. माझ्या पत्राचं तिला ठाऊकच नव्हतं.

दोरा काढल्यावर तापमान साठावर आलं. मी तिला सगळं सांगितलं. तिचं हसू गेलं. "एकदा विचारून तर घ्यायचं होतं, काका."

माझी चूक कबूल करणारं दुसरं पत्र संपादकांना पाठवलं आहे. पण पहिल्या पत्राने झालेलं मत दुसऱ्याने पुसलं जातं का हो? उद्या अकराच्या बैठकीत संपादक आम्हा दोघांपैकी राहणाऱ्याचं नाव जाहीर करतील.