दस्तगीरचा एक रोजा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमची कंपनी बेळगावात ट्रेनिंगला होती. मी हवालदार, गाव कडोली. माझ्या हाताखाली नाईक दस्तगीर, निपाणीचा, वय चोवीस. त्या साली रमजान भाद्रपदात आला. मुसलमान जवानांच्या लंगरातली चूल पहाटे चारला पेटे. जेवून, पाणी पिऊन माणसं सहाला पी.टी.ला हजर. पहिले तीन-चार दिवस डोकी दुखत, चहा-विडीची तलफ छळे, मग अंगवळणी पडे. धडधाकट माणसाला रोजा बाधत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाधतो तो हट्ट.

तीन दिवसांच्या एक्सरसाइजसाठी, म्हणजे लुटुपुटीच्या लढाईसाठी, आम्हाला जांबोटीच्या रानात हलवलं. दुसऱ्या सकाळी दस्तगीर चौथ्यांदा झाडीत जाताना दिसला.

"हगवण लागली व्हय रं?"

"थोडी. सिक परेडला नाव घालू नका, अण्णा. डॉक्टर रोजा मोडाय लावतोय."

मी नाव घातलं नाही. नाईकाची अब्रू राखली, असं तेव्हा वाटलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

दुपारी दीडला चढावर तो खाली बसला आणि उठेना. ऊन मी म्हणत होतं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटऱ्यांत गोळे. सकाळपासून लघवी नव्हती. मी बाटली तोंडाला लावली. त्यानं दात आवळले. मी वायरलेसवर डॉक्टर कॅप्टनसाहेबांना गाठलं.

"नाईक कोसळला, साहेब. हगवण. पाणी घेत नाही. ओव्हर."

"का घेत नाही? ओव्हर."

"रोजा आहे. ओव्हर."

"अंगातलं पाणी संपलंय त्याच्या. संध्याकाळपर्यंत थांबलात तर माणूस हातचा जाईल. मीठ-साखर घालून पाजा. ओव्हर."

पाजा म्हणे! पाजता आलं असतं तर सेट कशाला धरला असता? मी पलटणीच्या मौलवींना सेटवर मागितलं आणि हेडफोन दस्तगीरच्या कानाला लावला. मौलवी इतके ओरडत होते की मलाही ऐकू येत होतं.

"आजाऱ्याला रोजा माफ हाय! बरा झालास की एक रोजा ठेव. जीव घालवायला कुणी सांगितलंय तुला?"

आता तरी पिईल, असं मला वाटलं. दस्तगीरनं मान हलवली.

"माझ्या सेक्शनची पाच पोरं रोज्यात हायती, अण्णा. बघत्यात. नाईकानंच मोडला म्हणतील."

"म्हणू देत! मेलास तर काय म्हणतील?"

तो हसला. त्या अवस्थेत हसला, याचा मला आजही संताप येतो.

"तुमची आज संकष्टी हाय न्हवं? मोडा की मग. तुम्ही खावा, मी पितो."

बायको सुखरूप बाळंत झाली तर एकवीस संकष्ट्या करीन, असा नवस मी बोललो होतो. ती एकोणिसावी. मोडली तर पुन्हा पहिलीपासून. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मग एका जवानाच्या पाठीवरच्या हॅवरसॅकमधली शिळी भाकरी ओढून त्याच्यासमोर खाल्ली. त्याची पाच पोरं बघत होती.

दस्तगीरनं बाटली घेतली. घोट घोट करून तासाभरात तीन बाटल्या प्याला. साडेचारला लघवी झाली. डॉक्टरसाहेब पोहोचले तेव्हा दोघांचीही खरडपट्टी निघाली. माझी जास्त. ती रास्तच होती.

त्यानंतर आठवडा त्याचा इस्पितळात गेला आणि ईद होताच आम्हाला जहाजावर चढवलं. आफ्रिकेत पोहोचल्यावर महिन्याभरात दस्तगीर पडला. छातीत गोळी. मी जवळ होतो.

लढाई संपल्यावर मी निपाणीला त्याच्या आईकडे गेलो. त्यानं पत्रात सगळं कळवलं होतं. राहिलेले रोजे ठेवायला तो उरला नाही, म्हणून त्यांच्या बदली तिनं गरिबांना जेवू घातलं होतं. जांबोटीबद्दल ती बोल लावील, अशी मला धास्ती होती. तिनं एवढंच विचारलं,

"शेवटाला पाणी मिळालं का रं त्याला?"

"मिळालं, मावशी. मीच पाजलं."

"प्याला?"

"प्याला. तेवढ्या एका वेळी त्यानं वाद घातला न्हाय."