मशीन काय ओढतं?

ड्रेसिंग उघडलं आणि मी आधी सिस्टरवर ओरडलो, पेशंटकडे नंतर बघितलं. हा क्रम मुद्दाम सांगतोय, कारण लाज तिथूनच सुरू होते.

मी बीड जिल्ह्यात सर्जन आहे. पेशंट होत्या सुजाता मॅडम, केजजवळच्या एका शाळेतल्या शिक्षिका. त्यांच्या काखेत वर्षानुवर्षं गळवं यायची, फुटायची, एक बरं होतंय तोवर शेजारी दुसरं तयार. आजाराचं नाव हायड्राडेनायटिस. तो अस्वच्छतेने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तरी वास येतो, म्हणून माणूस चारचौघांत बसायचं टाळतो. मॅडमचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच त्या लिहायच्या. मुलांना वाटायचं, मॅडमची पद्धतच तशी.

मी काखेतली खराब कातडी काढून मांडीची पातळ कातडी तिथे लावली. याला ग्राफ्ट म्हणतात. काख खोलगट आणि सारखी हलणारी, तिथे ग्राफ्ट धरणं अवघड. म्हणून वरून व्हॅक लावला. म्हणजे जखमेवर स्पंज, त्यावर हवाबंद चिकट फिल्म, तिच्यातून नळी आणि नळीच्या टोकाला डबा असलेलं छोटं मशीन. मशीन हवा ओढतं, स्पंज आवळला जातो आणि ग्राफ्ट खालच्या मांसाला दाबून राहतो. जखमेतून पाझरणारं पाणी डब्यात येतं. ओढणं थांबलं की पाणी ग्राफ्टखाली साचतं, तो सुटतो आणि मरतो.

हे पेशंटला सोपं करून सांगण्यात आपला हातखंडा, असा माझा समज. मॅडमना म्हणालो होतो, "काही नाही, आतली सगळी घाण हे मशीन ओढून घेणार. बंद करायचं नाही." त्या डब्याकडे बघत होत्या. मी समजलो, समजलं.

आणि आता ग्राफ्ट अर्धा गुलाबी, अर्धा राखाडी. राखाडी भाग बोट लावताच सरकत होता. मशीन कोणी बंद ठेवलं, तुमचं लक्ष कुठे असतं, असं मी सिस्टरला भरल्या वॉर्डात सुनावलं. ती मान खाली घालून उभी राहिली.

"तिला बोलू नका, सर," मॅडम म्हणाल्या. "मीच बंद करत व्हते. शाळेतल्या बाया भेटायला आल्या की."

"पण का?"

"डब्यात सगळं दिसतंय न्हाई का. तुमीच म्हणलात, घाण हाय."

मशीन बंद करून, टॉवेलात गुंडाळून त्या कॉटखाली सरकवायच्या. बाया जीव लावणाऱ्या. बसल्या की दुपार सरायची. त्या गेल्यावर मशीन पुन्हा वर. राउंडला आम्हाला ते चालूच दिसायचं.

मॅडमचे वडील एसटीतून रिटायर झालेले. त्यांना बाहेर बोलावलं आणि पुन्हा ऑपरेशन लागेल म्हणून सांगितलं. वर कुरकुरही केली, की शिकलेल्या बाईने असं करावं का.

"साहेब, शिकलेली हाय म्हणूनच तिला तो ‘घाण’ शब्द लागला," ते म्हणाले. "माझ्या बापाला गावात त्याच शब्दानं हाक मारायचे. बापानं धम्म घेतला तवा तो शब्द उंबऱ्याबाहेर टाकला. तुमी परत कावून आणला?"

आमचं घर जमीनवाल्यांचं. माझे आजोबा तो शब्द कुणासाठी वापरत, हे मला चांगलं आठवतं. माझ्या मनात तसलं काही नव्हतं. पण मनात काही नसताना तो इतक्या सहज तोंडात आला, याचीच जास्त लाज वाटली. अजून वाटते.

जिथे ओरडलो होतो तिथेच उभं राहून सिस्टरची माफी मागितली, मग मॅडमची. मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या सर." जाऊ द्या म्हणजे माफ केलं असं नव्हे, एवढं मराठी मलाही कळतं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मशीन लावलं तेव्हा त्यांनीच विचारलं, "आता हे काय ओढणार?"

"जखमेतलं पाणी."

"नुसतं पाणी?"

"पाणीच."

या खेपेला मशीन कॉटवर, सगळ्यांच्या समोर राहिलं. ग्राफ्ट धरला.

पेशंटला सोप्या भाषेत सांगा, असं आम्हाला कॉलेजात शिकवतात. ती भाषा कुणाला सोपी, हे कोणी शिकवत नाही. मॅडमचा हात आता फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचतो. मांडीवर मात्र कातडी काढल्याचे दोन पट्टे आहेत. एक आजाराचा. दुसरा माझ्या तोंडाचा.