नळी कुठं आहे ते आधी बघा

दुकानात कोणी बंदुकीचा गेम मागायला आला की मी दोन गोष्टी विचारते. बोटं धड आहेत ना? आणि गेममध्ये तुमच्याबरोबर आणखी कोणी चालायला हवं आहे का? पहिला प्रश्न लोकांना थट्टा वाटतो. दुसरा कळत नाही. दोन्ही मी माझ्या भावामुळे विचारायला लागले.

माझं दुकान पूर्णेत, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर आहे. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकते, फॉर्म भरून देते, प्रिंट काढते. गेम मी खेळायला लागले ते कामासाठी. दुरुस्त केलेलं ग्राफिक कार्ड तापून बंद पडतं का, हे बघायचं तर त्यावर अर्धा तास जड गेम चालवण्यासारखी दुसरी चाचणी नाही. त्यातही ज्यात आपण स्वतः दिसत नाही, समोर फक्त आपले दोन हात आणि बंदूक दिसते, असे गेम कार्डाला चांगलाच घाम फोडतात. असं करत करत आठ-दहा वर्षांत मी असले पुष्कळ गेम खेळले. पन्नाशीला आलेली बाई दुपारी राक्षस मारत बसते, हे गिऱ्हाइकांच्या अंगवळणी पडलं आहे.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सतरा वर्षं फौजेत होता, आता पिंगळीजवळ शेती करतो. एका सुरक्षा एजन्सीमार्फत परभणीच्या एका बँकेत गनमॅन म्हणून त्याची निवड झाली आणि त्यानंतर चारच दिवसांनी कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात सापडला. बोटं वाचली. पण तर्जनी आणि मधलं बोट वळवणाऱ्या नसा कापल्या गेल्या. त्या शिवल्या, पट्टी निघाली आणि दोन्ही बोटं काडीसारखी ताठ राहिली.

व्यायाम देणाऱ्या मॅडमनी माझ्यासमोर त्याला स्वच्छ सांगितलं, "येत्या आठ आठवड्यांत वळतील तेवढी वळतील. आत चिकटलं की मग माझ्या हातात काही नाही."

एजन्सीची डॉक्टरी तपासणी नवव्या आठवड्यात होती. बंदुकीच्या घोड्यावरचं बोट एकटं वळलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. त्यांनी जागा तोवर धरून ठेवली, हेच पुष्कळ होतं.

मॅडमनी दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. तो देवळीत पडून राहिला. "लेकराचं खेळणं हाय ते," भाऊ म्हणायचा. दहा दिवस असेच गेले. मी माउस हातात धरून बघितला. तर्जनीखाली डावं बटण, मधल्या बोटाखाली उजवं. अगदी त्याच दोन बोटांचं काम. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "चालेल. एका वेळी वीस मिनिटं. मधे थांबायचं. बोट सुजलं तर बंद."

आता मी केलेली चूक सांगते. आमच्याकडे कोणीही तीच केली असती. फौजी माणूस, म्हणून मी त्याला फौजेचा गेम लावून दिला. वाळवंटातलं गाव, वर हेलिकॉप्टर, पुढे-मागे वर्दीतली पाच-सहा माणसं. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त मागतं तो.

भाऊ सकाळच्या पॅसेंजरनं आला होता. कानाला हेडफोन लावून बसला. पाच मिनिटं झाली असतील, त्याचा हात माउसवरून उचलला गेला. परत ठेवला. परत उचलला, तव्याला बोट लागावं तसा. मी शेजारी एका मशीनचा पंखा साफ करत होते. बघितलं तर त्याच्या मानेवरून घाम चालला होता.

"काय झालं रे?"

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "जातो मी," म्हणाला आणि चहा न घेता स्टेशनवर गेला.

संध्याकाळी भावजयीचा फोन. "वन्सं, तुमी काय दावलं ह्यास्नी? आल्यापून गोठ्यात बसल्यात. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. तिकडं काय बघून आले आसतील, तुमी कामून उकरून काढायलाव?"

तो फौजेतलं कधी काही सांगायचा नाही, आम्ही कधी विचारलं नाही. त्या आठवड्यात गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच गोष्ट झाली, की फौजीच्या डोक्यावर परिणाम झालाय. भावजयीनं पोरांना घरात फुगासुद्धा फोडू दिला नाही. मी फोन केला की तो "बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचा.

आठवड्यानं मॅडमनी पट्टीनं मोजलं. तर्जनीचं टोक आणि तळहात यांतलं अंतर होतं तेवढंच होतं. पाच आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन दुकानात आला. शटर अर्धंच उघडलं होतं.

"आक्का, दुसरं काही हाय का? फौजेचं नको."

मी राक्षसांचा गेम लावला. त्यात सोबतीला कोणी नाही. आपण एकटे, आणि चारी बाजूंनी शिंगंवाले. हात एकदाही उचलला गेला नाही. मला बरं वाटलं, आणि तिथंच माझं लक्ष ढिलं पडलं. तो गेम भयंकर वेगाचा, थांबला की मेला. भाऊ जिद्दीला पेटला. वीस मिनिटांची पन्नास झाली आणि मी एका बाईचा फॉर्म भरत बसले. उठला तेव्हा तर्जनी वांग्यासारखी झाली होती.

मॅडमनी मला फोनवर झापलं. "नस परत तुटली असती तर तुम्ही शिवणार होता का?" बरोबरच होतं त्यांचं. चार दिवस बोटाला हात लावायचा नाही, असं ठरलं. मोजून ठेवलेल्या दिवसांतले चार गेले.

पाचव्या दिवशी मी रंगांचा गेम काढला. बंदुकीतून रंग उडतो, रक्त नाही, मरण नाही, दोन संघ एकमेकांची जमीन रंगवतात. म्हटलं, यात काय भीती आहे? दोन मिनिटांत हात उचलला गेला. तोच घाम.

मग मात्र मी सरळ विचारलं. भावजयीला त्याला विचारायचं धाडस होत नव्हतं, गावाला नुसत्या गप्पा मारायच्या होत्या. कोणीतरी विचारायला हवंच होतं.

"राक्षस मारताना तुला काही झालं नाही. रंग उडवताना घाम फुटतो. हे काय आहे? तिकडं काही झालं होतं का तुझ्या हातून?"

त्यानं कोपऱ्यातला खराटा उचलला, उजव्या हातात बुडखा, डाव्यात पुढचं टोक.

"आक्का, ही बंदूक समज. चालताना नळी कुठं? जमिनीकडं. पुढं आपला माणूस आला की आणखी खाली. झोपंत बी खाली." खराट्यानं पडद्याकडे खूण केली. "ह्याच्यात मी बघतो तिकडं नळी. मपल्या पुढं मपलाच माणूस चाललाय, अन् नळी त्याच्या पाठीवर. खाली करायची सोयच न्हाई. मान खाली घातली तर रस्ता दिसत न्हाई. मग बोट घोड्यावरून काढायचं, दुसरं काय करणार?"

"एवढंच?"

"एवढंच म्हणायलीस? नव्या पोरानं अशी नळी फिरवली की ट्रेनिंगचा उस्ताद दिवसभर पळवायचा त्याला."

"म्हणजे झालं काहीच नव्हतं?"

"सतरा वर्षांत झालं न्हाई. नळी खाली होती म्हणून झालं न्हाई."

तेवढ्यात शेजारच्या म्हातारबाई आधार कार्डाची प्रिंट न्यायला आत आल्या. त्यांचं पाऊल उंबऱ्यावर पडलं आणि खराट्याचं टोक आपोआप त्याच्या पायाशी गेलं. त्याला कळलंसुद्धा नाही. मी मात्र बघितलं.

"झाडायलास व्हय रे फौजी?" म्हातारबाई म्हणाल्या. "मपलंबी अंगण ऱ्हायलंय."

मी त्याच संध्याकाळी भावजयीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आदीच सांगायला काय झालं हुतं ह्यास्नी?" मला वाटतं, त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. चालताना पाय कसा टाकतो, हे कोणी सांगतं का?

आता मला काय शोधायचं ते नक्की कळलं. सोबती नकोत. वेग नको. आणि दोन्ही बोटं लागायला हवीत, एकेक, सुटी-सुटी. माझ्याकडच्या हार्ड डिस्क धुंडाळल्या. एक गेम मिळाला, त्यात बंदुकीऐवजी पाण्याचा जोराचा फवारा, आणि त्यानं मळलेल्या गाड्या आणि भिंती धुवायच्या. भावाला तो फार आवडला. पण त्यात बटण दाबून धरून ठेवायचं असतं, बोटाची उघडझाप होत नाही. डोकं थकलेल्या माणसाला मी तो आजही देते, आमच्या कामाचा नव्हता. दुसऱ्यात आपण उभे राहिलो की सगळं जग उभं राहतं. आपण हललो की सुटलेली गोळीही पुढे सरकते. घाई नाही. "आधी बघा, मग दाबा. हे बरोबर हाय," भाऊ म्हणाला. तर्जनी वळायला लागली ती या गेमनं. पण मधलं बोट रिकामंच राहत होतं.

मग तिसरा काढला. यात मारायचंच नाही. बंद इमारत, आपण एकटे, आणि हातातलं हत्यार भिंतीत दारं पाडतं. डावं बटण दाबलं की एक दार, उजवं दाबलं की दुसरं. एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. दोन बटणं, दोन बोटं. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

तीन आठवडे उरले होते. भाऊ दार पाडून थांबला, तर त्या दारातून त्याला दूरवर उभं असलेलं कोणीतरी दिसलं, पाठमोरं. आणि नळी बरोबर त्या पाठीवर.

हात उचलला गेला.

म्हटलं, हाही गेला. आता चौथा कुठून आणू?

"ही बाई कोण?" तो म्हणाला.

"तूच."

"मी?"

"दुसऱ्या दारातून तुझीच पाठ दिसतेय. या गेममध्ये तू बाई आहेस."

हात अधांतरीच होता. मग त्यानं डाव्या हातानं कीबोर्डवरचं बटण दाबून दोन पावलं बाजूला घेतली. पाठ दारातून सरकली, पुढे नुसती भिंत राहिली. तेव्हा हात माउसवर परत आला आणि बटण वाजलं.

"जमतं," म्हणाला. "बाजूला व्हायचं."

त्यानंतर तो रोज यायला लागला. सकाळची पॅसेंजर, वीस मिनिटं खेळ, एक तास माझ्या दुकानात झेरॉक्स, परत वीस मिनिटं. मी भिंतीवरचं घड्याळ टेबलावर आणून ठेवलं, वेळ झाली की सरळ स्क्रीन बंद करायची. तो चिडायचा, "अगं दार पाडायलोय की!" आणि मी ऐकायची नाही. पुढच्या प्रत्येक खोलीत स्वतःची पाठ समोर आली की तो आधी बाजूला व्हायचा, मग दाबायचा. दुप्पट वेळ लागायचा. मी कधी टोकलं नाही.

मॅडमची पट्टी दर आठवड्याला थोडं कमी अंतर दाखवायची. मधलं बोट तळहाताला टेकलं. तर्जनी शेवटच्या आठवड्यातही तळहातापासून एका हरभऱ्याएवढी लांब राहिली. मॅडमनी पट्टी खाली ठेवली आणि "बघू" म्हणाल्या. डॉक्टर मंडळी "बघू" म्हणतात तेव्हा पुढे काय, ते आपल्यालाही माहीत असतं.

तपासणीच्या दिवशी तो परभणीला एकटाच गेला. "तू नको येऊ," म्हणाला. भावजयीचे मला सकाळपासून चार फोन. मी एका मशीनचा पंखा उघडला, साफ केला, लावला आणि परत तोच उघडला. एक माणूस गेम मागायला आला, त्याला मी काहीतरी देऊन टाकलं. काय दिलं ते आजही आठवत नाही. दुपारची गाडी आली, माणसं रस्त्यानं गेली. त्यांत तो नव्हता. पुढची गाडी यायला दोन तास होते.

तो आला तो एसटीनं, उलट्या बाजूनं. त्यामुळे मला दारातून दिसलाच नाही. एकदम टेबलापाशी उभा राहिला आणि खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"हे एजन्सीला पाठवायचंय. आजच."

"आधी सांग, काय म्हणाले?"

"रिकामी बंदूक दिली हातात. घोडा दाबा म्हणले." त्यानं तर्जनी माझ्यासमोर वळवून दाखवली. तळहाताला ती टेकत नव्हती. पण घोडा काही तळहातावर नसतो. "मी म्हणलं, आदी समोरून बाजूला व्हा डॉक्टरसाहेब."

"आणि?"

"झाले बाजूला. मग दाबला घोडा."

मी कागद उलगडून स्कॅनरवर ठेवला. पहिल्यांदा वाकडा आला. झाकण उघडून सरळ केला आणि परत काढला.