वाघदेवापुढचे मूठभर तांदूळ

ग्रीक देवांच्या मुलांची एक लांबलचक गोष्ट मी धाकट्या बहिणीला इंग्रजी पुस्तकांतून वाचून आमच्या बोलीत सांगायचो. मला इंग्रजी सावकाशच वाचता येतं, त्यामुळे पुढच्या पानावर काय आहे ते मलाही माहीत नसायचं.

शेवटच्या पुस्तकात तो मुलगा राक्षसाशी लढायला एकटाच डोंगरात निघाला. तो परत येणार नाही, असं भविष्य आधीच सांगितलेलं होतं. मी पानाच्या शेवटच्या ओळीवर आलो.

बहिणीने पानावर हात ठेवला. "थांब दादा. रानात चाललाय नि वाघदेवापुढं काय ठेवलं नाय?"

"तिकडं वाघदेव नसतो गो."

"डोंगर हाय ना? मंग असतोच. असाच गेला तर मरंल तो."

आमच्याकडे रानात शिरताना वाघदेवापुढे काहीतरी ठेवतातच. आई शेजारी तांदूळ पाखडत होती. तिच्या सुपातले मूठभर तांदूळ घेऊन बहीण बांधापलीकडे वाघदेवाच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे पळाली.

मी पान उलटून बघू शकलो असतो. तो मेला असता तर बोलीत दुसराच शेवट सांगता आला असता, तिला कळलंही नसतं. पण मला ते जमेना. पानाखाली बोट घालून मी तसाच बसलो.

ती धापा टाकत आली. "वाच आता."

मी पान उलटलं. "तो लंगडतोय."

"पण येतोय ना?"

"येतोय."

आईने सूप खाली ठेवलं. "मंग त्याच्या आयशीला कोनी कळवलं का नाय?"