उंदरांपर्यंत आलेलं औषध

माझा थोरला भाऊ पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मेंदूतल्या गाठीवरच्या औषधावर काम करतो. मेंदूभोवती एक पहारा असतो, तो एरवी औषधांना आत शिरू देत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांत भरलं, की औषध तो ओलांडून थेट गाठीपाशी पोचतं. कल्पना सुरेख आहे. तिच्याशी माझं भांडण नाही.

वडूजजवळच्या आमच्या गावानं दादाचा सत्कार केला. फेटा, शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स. कॅन्सरवर औषध शोधलेला गावचा सुपुत्र, असं सरपंचांनी माइकवर जाहीर करून टाकलं. औषध अजून उंदरांवरच चाललंय, एवढं एक वाक्य दादानं बोलायचं होतं. तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. आमचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले आबा, पहिल्या रांगेत होते. त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

वर्ष फिरायच्या आत आबांच्याच डोक्यात गाठ निघाली. मी सांगलीत राहते, मीच त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, लगेच ऑपरेशन केलं तर निघेल.

"पोरगं औषध करतंय आन मी डोस्कं फोडून घिऊ व्हय?" आबा हसले.

मी दादाला फोन करून बजावलं, त्यांना खरं काय ते सांग. तो बरं म्हणाला. त्याच्याशी बोलून आबा खुशीत माझ्याकडं आले. "बघतो म्हणालाय त्यो. तुझा सख्ख्या भावावर इस्वास न्हाई गं." नंतर मी विषय काढला की ते उठून जात.

दिवाळीनंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळायला लागले. या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावच काढलं नाही. तेव्हा कुठं दादा मिरजेला आला. मी त्याला दवाखान्याच्या जिन्यातच गाठलं.

"फोनवर आबांचा आवाज ऐकून न्हाई म्हणवलंच न्हाई गं," तो रडायला लागला.

परक्यानं फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. यानं केसानं गळा कापला होता, आणि वर रडत होता. मी म्हटलं, "आत जा आन आता तरी सांग."

मी त्याच्या मागोमाग खोलीत गेले. आबांनी त्याला पाहिलं.

"औ...षद?"

"येतंय, आबा. थोडंच राहिलंय."

आबांनी माझ्याकडं मान वळवली.

"बघ," ते म्हणाले. एवढा एक शब्द त्यांना स्पष्ट आला.