राघो बोरसेंचे कान आणि टिटवीचा इतिहास

३ जुलै २०२३ रोजी डिंडोलीच्या राघो बोरसेंना कानाच्या दुकानातून ३८,४५० रुपयांचे कोटेशन मिळाले. दोन कान, ऐकण्याची दोन यंत्रे. राघोअण्णांनी कागद उलटून पाहिला, मागे काही सवलत लिहिली आहे का म्हणून. मागची बाजू कोरी होती.

मुलगा योगराज साडीच्या दुकानात बिलिंगला आहे. तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही नेव्हीत इंजिनावर होता ना? कान तिथंच गेले. सरकारकडे मागू. बहिरेपण नोकरीत आलं असं ठरलं, तर यंत्रंही मिळतील आणि महिन्याला पैसेही."

अण्णांना ते पटले. १९८४ ते १९९४ ते नौदलात होते. पेन्शनला पाच वर्षे कमी असताना वडिलांच्या आजारपणामुळे घरी परतले. त्यातली शेवटची चार वर्षे 'टिटवी' नावाच्या गस्तीनौकेच्या इंजिनखोलीत गेली. दोन डिझेल इंजिने, उभे राहायला जेमतेम जागा, आणि बोलणे सगळे हाताच्या खुणांनी. मूठ वर म्हणजे वेग वाढव, तळहात आडवा म्हणजे बंद कर.

अर्ज गेला. तीन महिन्यांनी उत्तर आले की, 'टिटवी' ही नौका २००७ साली दाखल झाली, अर्जदार १९९४ साली सुटले, सबब अर्जदाराने या नौकेवर काम केल्याचे दिसत नाही.

अण्णांनी ते तीनदा वाचले. "मग मी चार वर्षं होतो कुठं?"

अण्णांच्या पत्नी सरलाबाई ओरडूनच बोलल्या. त्या घरात दुसरा उपाय नव्हता. "मी धाडेल पत्रं कोन वाचे मंग?"

योगराजने मोबाइलवर टिटवी शोधून काढली. नाव तेच, बोधचिन्हावरचा पक्षीही तोच. पण ही नौका लांबलचक होती आणि तोफ भलत्याच जागी. अण्णांनी ट्रंकेतला फोटो शेजारी धरला. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले आणि चष्मा पुसला. फरक पडला नाही.

शेवटी ते कोसाडला रामदास ढवळ्यांकडे गेले. रामदास वर्ध्याकडचे, नौदलातून पूर्ण पेन्शन घेऊन आलेले. पत्र वाचून ते इतके हसले की चहा बशीत सांडला.

"अहो बोरसे, तुमची टिटवी २००१ लाच भंगारात गेली! ही दुसरी. जहाज गेलं की नाव पुढच्याला देतात, आजोबाचं नातवाला ठेवतात तसं. तुमच्या बाबूनं नातवाची जन्मतारीख पाहून आजोबाला खोटं पाडलं."

नाव पुढे चालवण्याचा हा रिवाज अण्णांना ठाऊक होता. आपली नौका गेली, हे मात्र कोणी कळवले नव्हते. ते चहा न पिताच बसून राहिले.

रामदासांनी ओळख लावून जुन्या टिटवीचा सेवा-इतिहास मागवला. दोन पाने आली. दाखल १९७९, गस्त, वादळातले बचावकार्य, निवृत्ती. आता गुंता सुटला असे वाटत असतानाच मधली ओळ दिसली: 'मे १९९१ ते डिसेंबर १९९२, गोदीत. दोन्ही इंजिने उतरवलेली.'

म्हणजे चारपैकी वीस महिने इंजिनेच नव्हती. तेव्हा पहारा होता, रंगकाम होते, फुटबॉल होता. आणि कानात शिट्टी वाजायला लागली ती त्याच दिवसांत, असे अण्णांना पक्के आठवत होते. शांततेत कान कसा जाईल? की शांतता झाली म्हणूनच शिट्टी ऐकू आली?

शिवाय नौदलानंतर नवागामच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या कारखान्यात, अकरा वर्षे गेली. तिथेही बोलणे खुणांचे. नव्या माणसाला त्या शिकायला दोन महिने लागत. अण्णा दोन दिवसांत बोलू लागले.

नव्या अर्जात एक प्रश्न होता: 'सेवा सोडल्यावर मोठ्या आवाजाच्या जागी काम केले का?'

"'नाही'वर टिक करा, पप्पा. खात्यात पगार रोकडा होता, तुमचं नाव कुठं लिहिलंय?"

"'हो' म्हणालात तर फाइल गेली," अर्ज भरायला आलेले रामदास म्हणाले.

सरलाबाई भाजी निवडत होत्या. दगा नावाचा शेजारी तीस वर्षे लूमवर होता. त्याच्या दाराकडे त्यांनी बोट केले. "तो दगा बी बहिरा से. तो कोनती बोटवर व्हता?"

अण्णांनी 'हो'वर खूण केली आणि खाली लिहिले, 'लूम, नवागाम, ११ वर्षे. त्याआधी टिटवी. कान नक्की कुठे गेले ते मला सांगता येत नाही.'

फेब्रुवारीत उत्तर आले. जुन्या टिटवीवरील चार वर्षांची सेवा मान्य. बहिरेपणाचे कारण अर्जदारासच निश्चित सांगता येत नसल्याने मागणी नामंजूर.

"जिंकलो की हरलो?" अण्णांनी विचारले. योगराज काहीतरी म्हणाला. ते त्यांना ऐकू आले नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारले नाही.

रजिस्टर पोस्टाचे सेहेचाळीस रुपये रामदासांनी भरले होते. ते अजून द्यायचे आहेत.